छायाचित्रातील अंतर ओळखायचे कसे? रोहित पक्षी, रांगोळीतील विहीर आणि विमानाशेजारची घार

नेरुळच्या एका गृहस्थांनी तीन छायाचित्रे पाठवून एक प्रश्न विचारला आहे. पहिल्या छायाचित्रात खाडीच्या चिखलात उभे असलेले रोहित पक्षी, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते, आहेत आणि त्यांच्या पाठीला चिकटूनच जणू निवासी टॉवरांची भिंत उभी आहे. दुसऱ्यात ठाण्यातील एका सभागृहाच्या फरशीवर काढलेल्या रांगोळीत खोल विहीर दिसते आणि तिच्या काठावर त्यांची पुतणी पाय सोडून बसली आहे. तिसऱ्यात विमानाच्या शेजारी त्याच्याएवढीच दिसणारी घार आहे आणि पुढच्या क्षणी दोघांची टक्कर होणार असे वाटते. अशा छायाचित्रात काय पुढे, काय मागे आणि किती अंतरावर हे ठरवण्याची खात्रीची पद्धत आहे की ते नजरेच्या सवयीवरच सोडून द्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

पद्धत आहे. तीस वर्षे ठाणे आणि नवी मुंबई परिसरात इमारतींची आणि चालू बांधकामांची छायाचित्रे काढताना मी ती वापरत आलो आहे. मात्र तिची सुरुवात चित्रातील वस्तूंपासून करून चालत नाही, कॅमेऱ्यापासून करावी लागते. छायाचित्र हाती येताच बहुतेक जण ‘हे किती दूर आहे?’ असे विचारतात; ‘हे टिपणारा कुठे आणि किती उंचीवर होता?’ हा प्रश्न त्याआधी विचारला, तर निम्मे दृष्टिभ्रम तिथेच उलगडतात.

प्रत्यक्ष जागेवर आपल्याला खोली कळते, त्यात दोन डोळ्यांमधील सहा-साडेसहा सेंटिमीटरच्या अंतराचा मोठा वाटा असतो. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांच्यातील फरकावरून अंतर काढतो. शिवाय मान जरा हलवली की जवळच्या वस्तू जास्त सरकतात आणि दूरच्या कमी. छायाचित्रात ही दोन्ही साधने नाहीशी होतात. उरतात ती झाकणारे आणि झाकले जाणारे, लहान आणि मोठे, एकत्र येत जाणाऱ्या रेषा, सावल्या, हवेतला धूसरपणा आणि फोकसची तीक्ष्णता. यांपैकी पहिली खूण सर्वांत भरवशाची आहे, कारण जी वस्तू दुसरीला झाकते ती पुढे असते. परंतु किती पुढे हे ती सांगत नाही. बाकीच्या खुणा रचता येतात. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू यांचे चित्र अगदी सारखे उमटू शकते, म्हणून एका छायाचित्रातून निघते ते केवळ गुणोत्तर. मीटर हवे असतील तर चित्रातील निदान एका वस्तूचे खरे माप आपल्याला बाहेरून आणावे लागते.

आता रोहित पक्ष्यांकडे वळू. या छायाचित्रात मोजपट्टी आधीच ठेवलेली आहे, ती म्हणजे टॉवरचे मजले. निवासी इमारतीचा एक मजला साधारण 3 मीटरचा धरता येतो. पुढच्या पक्ष्याची उंची मागच्या इमारतीच्या किती मजल्यांएवढी दिसते, ते पट्टी ठेवून मोजा. मी मोजले, तेव्हा ती आठ मजल्यांएवढी, म्हणजे 24 मीटर भरली. मान वर करून उभा असलेला मोठा रोहित साधारण 1.2 मीटर उंच धरला, तर 24 भागिले 1.2 म्हणजे 20. याचा अर्थ असा की कॅमेऱ्यापासून पक्षी जितक्या अंतरावर आहे, त्याच्या वीसपट अंतरावर इमारत आहे. पक्षी 60 मीटरवर असेल तर इमारत 1,200 मीटरवर, आणि दोघांच्या मध्ये सव्वा किलोमीटरला थोडाच कमी चिखल, पाणी आणि खारफुटी आहे. आपल्या खाडीवर मोठा रोहित आणि लहान रोहित हे दोन्ही येतात. हा पक्षी लहान रोहित असेल आणि त्याची उंची 0.9 मीटर धरली, तर हेच गुणोत्तर 27 च्या आसपास जाते. म्हणून ‘वीस ते सत्तावीसपट’ असे उत्तर द्यावे. ते पक्षीनिरीक्षकाला एका आकड्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटेल. मान खाली घालून चरणारा किंवा गुडघाभर चिखलात रुतलेला पक्षी मापासाठी घेऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण घाईत मी स्वतः ही चूक केलेली आहे.

मग हा सव्वा किलोमीटर चित्रात दिसत का नाही? याचे खापर सगळे टेलिफोटो लेन्सवर फोडतात, ‘ती अंतर दाबते’ असे म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. वस्तूंच्या आकारांचे परस्पर प्रमाण फक्त कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. त्याच जागेवरून 50 मिलिमीटरच्या लेन्सने छायाचित्र काढले आणि मधला तुकडा कापून मोठा केला, तर पक्षी आणि टॉवर यांचे नाते तेच राहील. फक्त चित्र खरखरीत होईल. टेलिफोटोमुळे एवढेच होते की छायाचित्रकाराला लांब उभे राहून चौकट भरता येते, आणि लांब उभे राहिल्यावर पुढच्या-मागच्या वस्तूंच्या अंतरांतील प्रमाण कमी होते.

क्रिकेटचे उदाहरण सर्वांना चटकन पटते. दोन्ही टोकांच्या स्टंपांची उंची सारखीच, 71 सेंटिमीटर, आणि दोन्ही विकेटांमधील अंतर 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. गोलंदाजाच्या मागून, जवळच्या स्टंपपासून 5 मीटरवर उभे राहून फोनने चित्र काढले, तर पलीकडचे स्टंप अलीकडच्यांच्या एक पंचमांश दिसतील आणि खेळपट्टी आगगाडीच्या रुळांसारखी लांबलचक वाटेल. तेच चित्र गोलंदाजाच्या मागच्या गॅलरीतून, 80 मीटरवरून टिपले, तर पलीकडचे स्टंप अलीकडच्यांच्या चार पंचमांश भरतील आणि फलंदाज गोलंदाजाच्या कानात कुजबुजत असल्यासारखा दिसेल. उलटही करता येते. वर्तमानपत्रातील छायाचित्रात दोन्ही स्टंपांची उंची मोजा, लहान उंचीला मोठीने भागा, आलेला अपूर्णांक एकातून वजा करा, त्या वजाबाकीने अपूर्णांकाला भागा आणि 20.12 ने गुणा. कॅमेरा जवळच्या स्टंपपासून किती मीटरवर होता, ते बसल्या जागी कळते. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात नवशिक्या छायाचित्रकारांना मी हा हिशेब पावले मोजून पडताळायला लावतो.

या विषयात माझे हात पूर्ण स्वच्छ आहेत असा दावा नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहप्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेसाठी मी दीड किलोमीटरवरच्या एका अर्धवट इमारतीच्या गच्चीवरून, 300 मिलिमीटरच्या लेन्सने छायाचित्र काढले होते. त्यात येऊरचा डोंगर इमारतीच्या डोक्यावर हिरव्या भिंतीसारखा उभा राहिला. चित्र खोटे नव्हते. इमारत 60 मीटर उंच आणि 1,500 मीटरवर, तर डोंगर 200 मीटर उंच आणि 3,500 मीटरवर धरला, तर डोंगर चित्रात इमारतीच्या जवळपास दीडपट उंच येतोच. पण घर पाहायला आलेला माणूस इमारतीसमोर 100 मीटरवर उभा राहतो आणि तिथून हाच डोंगर इमारतीच्या एक षष्ठांशाएवढा ठरून तिच्या मागे पूर्ण झाकला जातो. एका वयस्कर गृहस्थांनी पुस्तिका हातात धरून मला विचारले, “साहेब, यातला डोंगर कुठे गेला हो?” त्या दिवसापासून मी अशा प्रत्येक छायाचित्राखाली ते कुठून आणि किती मिलिमीटरने टिपले हे छापण्याचा आग्रह धरतो. काही बिल्डर तो मानतात. दुरून डोंगर साजरे या म्हणीचा अर्थ मला त्या दिवशी नव्याने कळला.

पक्ष्यांच्या चित्रात आणखी एक कारण काम करते, ते म्हणजे कॅमेऱ्याची उंची. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तूचा पाया चित्रात क्षितिजरेषेच्या जितका खाली, तितकी ती वस्तू जवळ. हे प्रमाण व्यस्त आहे. एका माणसाचे पाय क्षितिजाच्या 60 मिलिमीटर खाली आणि दुसऱ्याचे 6 मिलिमीटर खाली असतील, तर दुसरा दसपट दूर आहे. कॅमेरा फार खाली किंवा वर झुकवलेला नसेल, तोवर हा हिशेब चांगला जुळतो. कॅमेऱ्याची उंची ठाऊक असेल तर याच मापातून थेट मीटरही काढता येतात. ती उंचीसुद्धा चित्रातच लिहिलेली असते, कारण क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवरच छेदते. मासुंदा तलावाच्या काठच्या सपाट पदपथावर उभे राहून, दीड मीटर उंचीवर फोन सरळ धरून छायाचित्र काढा. जवळचा असो वा शंभर मीटरवरचा, समान उंचीच्या प्रत्येक माणसाला क्षितिजरेषा एकाच ठिकाणी, साधारण हनुवटीजवळ, छेदताना दिसेल. एखाद्या चित्रात ती एकाच्या हनुवटीतून आणि दुसऱ्याच्या गुडघ्यातून जात असेल, तर तो दुसरा माणूस राक्षस नसून कशावर तरी चढून उभा आहे. आपल्या भागात इमारती आणि डोंगर यांच्यामुळे खरे क्षितिज क्वचितच दिसते. अशा वेळी एखाद्या इमारतीच्या स्लॅबच्या दोन रेषा पट्टीने पुढे वाढवाव्या. एक रेषा वरून खाली उतरत येते, दुसरी खालून वर चढत जाते आणि दोन्ही जिथे मिळतात त्याच उंचीवर क्षितिज असते. चित्रकलेच्या वर्गात यथार्थदर्शन शिकवताना जो लोपबिंदू काढतात, तोच हा.

आता चिखलाचा हिशेब करू. 400 मिलिमीटरची लेन्स आणि पाण्यालगत, अर्ध्या मीटरवर धरलेला कॅमेरा. 60 मीटरवरच्या पक्ष्याचे पाय सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या चिपवर, क्षितिजाच्या 3.3 मिलिमीटर खाली येतात आणि 1,200 मीटरवरच्या इमारतीचा पाया 0.17 मिलिमीटर खाली. म्हणजे मधला 1,140 मीटरचा सगळा चिखल 24 मिलिमीटर उंचीच्या चौकटीत जेमतेम 3 मिलिमीटरच्या पट्टीत मावला. त्यातही अर्धी पट्टी खारफुटीने झाकली. हेच छायाचित्र 3 मीटर उंचीच्या धक्क्यावरून काढले असते, तर तीच पट्टी 19 मिलिमीटरची झाली असती आणि आपल्याला प्रश्न पडलाच नसता. दृष्टिभ्रमाची छायाचित्रे जाणीवपूर्वक रचणारे लोक सर्वांत आधी पाय लपवतात, ते याचसाठी. कॅमेरा खाली नेतात, मध्ये कठडा, गवत किंवा रेतीचा उंचवटा घेतात, नाहीतर चौकट गुडघ्यावर कापतात. म्हणून संशयास्पद चित्रात वस्तू जमिनीला कुठे टेकते ते आधी शोधावे. ते सापडत नसेल, तर का सापडत नाही याचा विचार करावा.

तळहातावर टॉवर पेललेल्या मुलांच्या छायाचित्रांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 1.6 मीटरवरचा 18 सेंटिमीटरचा तळहात आणि 900 मीटरवरचा 100 मीटर उंच टॉवर जवळजवळ सारखेच दिसतात, एवढेच ते गणित. फोनच्या कॅमेऱ्याची खरी लेन्स पाच-सहा मिलिमीटरचीच असल्याने दीड-दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे तीक्ष्ण येते, आणि त्यामुळे ही गंमत फोनवर सहज साधते. पूर्ण आकाराच्या (36 बाय 24 मिलिमीटरच्या) सेन्सरवर 50 मिलिमीटरची लेन्स f/2.8 एवढ्या मोठ्या छिद्रावर (ॲपर्चरवर) वापरली, तर तळहात आणि टॉवर यांपैकी एक धूसर होणारच. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा मात्र अंतराचा पुरावा मानू नये, कारण तो नंतर हिशेबाने चढवलेला असतो.

हवेच्या धूसरपणाबाबत एक स्थानिक सूचना. जानेवारीच्या सकाळी हवा जमिनीलगत अडकून राहते, तेव्हा पारसिकचा डोंगर कळव्याच्या खाडीपुलावरून फिकट आणि खूप दूर वाटतो. जुलैत सरीनंतर ऊन पडले की तोच डोंगर हात लावावा इतका जवळ येतो. एकाच खिडकीतून, एकाच लेन्सने दोन्ही ऋतूंत काढलेली छायाचित्रे मी एकावर एक ठेवून पाहिली आहेत. डोंगराच्या कडा तंतोतंत जुळतात. धूसरपणावरून क्रम लावावा, अंतर काढू नये.

रांगोळीतील विहीर हा वेगळा प्रकार आहे, कारण तिथे खोटेपणा कॅमेऱ्यासमोरच्या जमिनीवर आधीच काढून ठेवलेला आहे. अशी रांगोळी एका ठरावीक बिंदूवरून पाहण्यासाठी आखतात. समजा डोळा दीड मीटर उंचीवर आहे, विहिरीचा पलीकडचा काठ 4 मीटरवर आहे आणि विहीर दीड मीटर खोल दाखवायची आहे. डोळ्यापासून त्या काठाखालच्या तळाकडे दोरी ताणली, तर ती फरशीला 2 मीटरवर छेदेल. म्हणून कलाकार काठाखालची भिंत 4 मीटरपासून 2 मीटरपर्यंत, फरशीवर आपल्या दिशेने ओढून काढतो. दोन पावले बाजूला झालात की विहीर वाकडी होते. त्या बिंदूवर उभे राहूनही दोन डोळ्यांना फरशी सपाट असल्याचे जाणवत राहते. एक डोळा मिटला की खोली एकदम वाढते. फोनला डोळा एकच असतो, त्यामुळे सभागृहात जे नुसते कौतुकास्पद वाटते ते छायाचित्रात अंगावर येते.

आपल्या पुतणीच्या चित्रात मात्र पुरावा तिच्या पायांनीच दिला आहे. खरोखर काठावर बसून पाय खाली सोडले असते, तर वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पावलांची वरची बाजू दिसली असती आणि पावले गुडघ्यांपेक्षा लहान भासली असती. इथे तिचे तळवे कॅमेऱ्याकडे आहेत आणि पावले मोठी दिसतात, म्हणजे पाय फरशीवर सरळ पुढे पसरलेले आहेत आणि पावले कॅमेऱ्याच्या अधिक जवळ आहेत. तिची सावली विहिरीच्या काठावर मोडत नाही, सरळ पुढे जाते. शिवाय रांगोळी जिथे विरळ पडली आहे, तिथे फरशीचा सांधा विहिरीच्या ‘दगडां’मधून न वळता गेलेला दिसतो. खऱ्या वस्तूची सावली रंगवलेल्या खोलीला जुमानत नाही, ही खूण भिंतीवरच्या त्रिमिती चित्रांनाही लागू पडते. अमेरिकेतील ॲडलबर्ट एम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी तिरपी खोली याच जातीची आहे. तिचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा कितीतरी दूर असतो, पण भिंती आणि खिडक्या मुद्दाम वाकड्या बांधून एका छिद्रातून ती चौकोनी दिसेल अशी व्यवस्था केलेली असते. म्हणून एका कोपऱ्यातला माणूस बुटका आणि दुसऱ्यातला धिप्पाड वाटतो. तिथेही पाहण्याची जागा एकच ठेवलेली असते.

तिसऱ्या छायाचित्रात जमीन नाही, क्षितिज नाही, झाकणे नाही. दोन्ही आकृत्या मोकळ्या आकाशात आहेत. तरीही ते सर्वांत सोपे आहे, कारण दोन्हींची मापे ठाऊक आहेत. घारीच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर. विमान एअरबस ए-320 जातीचे दिसते आणि त्याच्या पंखांची टोके वर वळलेली आहेत. अशा विमानाचा पंखविस्तार 35.8 मीटर असतो. चित्रात दोन्ही सारखेच रुंद आहेत, म्हणून विमान घारीच्या सुमारे 24 पट दूर आहे. टकरीचा प्रश्न इथेच संपतो. आकाशात दुसरे काही माप नसेल तेव्हा चंद्राचा उपयोग होतो. तो सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याच्याएवढी दिसणारी कोणतीही वस्तू कॅमेऱ्यापासून तिच्या आकाराच्या साधारण 110 पट अंतरावर असते. चंद्रबिंबात नेमका मावलेला एक मीटरचा कळस 110 मीटरवरून टिपलेला असतो. कोजागिरीला इमारतींमागून उगवणारा थोराड चंद्र मध्यरात्रीच्या चंद्राएवढाच भरतो, हेही एकाच लेन्सने दोन्ही वेळा टिपून मोजून पाहता येईल.

घार आणि विमान प्रत्यक्ष किती मीटरवर होते, हे हवे असल्यास लेन्सचा आकडा लागेल. आपण पाठवलेली प्रत व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून आल्यामुळे तिच्यातील ती नोंद पुसली गेली आहे. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तूर्त पूर्ण आकाराचा सेन्सर आणि 300 मिलिमीटरची लेन्स गृहीत धरतो. घारीने 36 मिलिमीटर रुंदीचा एक चतुर्थांश, म्हणजे 9 मिलिमीटर व्यापला आहे. 300 गुणिले 1.5 भागिले 9, म्हणजे घार 50 मीटरवर आणि विमान 1,200 मीटरवर येते. चौकट नंतर कापलेली असेल तर दोन्ही आकडे बदलतील; घार वळण घेताना एका पंखावर कलली असेल, तर फक्त घारीचा आकडा बदलेल. घारीचा उजवा पंख मला किंचित आखडलेला वाटतो, त्यामुळे ती 50 मीटरपेक्षा थोडी जवळच असावी.